पायरीची केस

दुपारी अडीच वाजता माझा अर्धा चेहरा माझा राहिला नाही. दाताच्या डॉक्टरने डाव्या बाजूला खाली दोन सुया दिल्या, थोडा वेळ खिडकीबाहेर बघत उभा राहिला, मग चिमट्याने ओठ ओढून त्याने विचारलं, "कळतंय?" मला काहीच कळत नव्हतं. ओठ होता, तो कुणीतरी ओढत होतं, पण शेजारच्या घरात भांडं पडावं तसं ते होतं. ऐकू येतं, आपलं नसतं. मग त्याने दाढ उपटली. डोक्याच्या आत जुनं कपाट सरकवल्यासारखा आवाज झाला, एवढंच. कापसाचा बोळा चावायला देऊन तो म्हणाला, "तीन तास बोलू नका, गरम पिऊ नका आणि सारखा गालाला हात लावून बघू नका." यातल्या दोन गोष्टी मी दवाखान्याच्या जिन्यातच करून बघितल्या. गाल थंड पिठाच्या गोळ्यासारखा लागला. आणि वर येणाऱ्या एका बाईला "जरा सरका" म्हटलं, तर तोंडातून असं काही बाहेर पडलं की ती भिंतीला चिकटून उभी राहिली. अडतीस वर्षं मी बोलून पोट भरलं. लोकांना बोलतं केलं, कोर्टात बोलले, वर्गात बोलले, आणि निवृत्त झाल्यावर घरात पाटी लावून बोलायला बसले. त्या जिन्यात प्रथमच माझं तोंड माझ्या मालकीचं नव्हतं, आणि याचं मला वाईट वाटायला हवं होतं. पण वाईट वाटण्याची जागा बहुधा त्याच बाजूला असावी.

वहिनीने दार उघडलं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही नणंद-भावजय दोन खोल्यांत एकमेकींना सांभाळतोय की एकमेकींवर पाळत ठेवतोय, हे अजून ठरलेलं नाही. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आलात वन्सं? अर्ध्याच आल्यासारख्या दिसताय." मी हाताने गप्प बस अशी खूण केली. "गप्प मी बसू? बोलता तुम्हाला येत नाहीये. ती साडेतीनची मुलगी तीनलाच येऊन बसलीये. बूट काढायला तयार नव्हती. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे फरशी मी पुसते, सरकार नाही पुसत." मी पुन्हा खूण केली. वहिनीला माझ्या खुणा कळतात. ती फक्त त्या पाळत नाही.

माझ्या पाटीवर लिहिलंय: समाजकार्यातील अनुभवी कार्यकर्तीचे मार्गदर्शन. एका वेळी एकच व्यक्ती. वेळ आधी ठरवावी. वहिनी म्हणते, पहिले तीन शब्द झाकले तर हात बघणाऱ्याची पाटी वाटते. तिचं फारसं चूक नाही. माझ्याकडे येतात ती पोरं कुठल्या कुठल्या केंद्रांत, दवाखान्यांत, निवारागृहांत कामाला असतात, आणि प्रत्येकाच्या घशात एकेक केस अडकलेली असते. दिवसभर दुसऱ्यांची रडगाणी ऐकून त्यांचं स्वतःचं ऐकायला कुणी उरत नाही, म्हणून ते माझ्याकडे येतात. समोरची खोली मी त्यासाठी नीट लावली आहे. दोन खुर्च्या समोरासमोर नाहीत, जरा तिरक्या आहेत, म्हणजे नजर टाळायची असेल तर टाळता येते. घड्याळ येणाऱ्याच्या पाठीमागे आहे, त्यामुळे वेळ मला दिसतो, त्यांना दिसत नाही. कागदी रुमालांचा डबा हाताशी आहे, पण मधोमध नाही. मधोमध ठेवला की माणसाला वाटतं, रडलंच पाहिजे. वहीत मी खरी नावं लिहीत नाही, तो आमच्या धंद्याचा नियम. मी टोपणनावं लिहिते. खोकला. उसासे. पण-ताई. ही साडेतीनची म्हणजे बूटवाली. पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या पायात जाड तळव्याचे, नाडीवाले, टाचेला लाल पट्टी असलेले बूट होते आणि ती असे पाय टाकत आली की वहिनी आतून म्हणाली, "कोण गं, पलटण आली का?" आणि तासभर मी काय करते? खरं सांगायचं तर गोष्टी सांगते. पोर आपली केस मांडते, मी मध्येच हात वर करते आणि म्हणते, "थांब, मला एक आठवलं." मग चाळीस मिनिटं माझी. माझ्या गोष्टींतले जिने खऱ्यापेक्षा एक मजला उंच असतात आणि कुत्री खऱ्यापेक्षा एक हात मोठी, पण पोरं हलकी होऊन जातात. जाताना म्हणतात, "ताई, बरं वाटलं." बरं वाटलं म्हणजे बरं झालं, असं मी धरून चालते.

बूटवाली मोज्यांवर बसली होती. मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, ते तिने दुसऱ्या पायाखाली लपवलं. मी गालाकडे बोट दाखवलं, दाढ उपटल्याचा अभिनय केला आणि वहीत लिहून दाखवलं: आज तू बोल. ती हसली. मग बोलू लागली, आणि मी अडतीस वर्षांत पहिल्यांदाच मधे हात वर न करता ऐकत राहिले. नऊ वर्षांची मुलगी. चौथीत. आई महिनाभरापूर्वी घर सोडून गेली. बाप लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, सकाळी आठला जातो, संध्याकाळी सातला येतो. दहा दिवस मुलगी शाळेत नाही. शाळेने केंद्राला कळवलं, केंद्राने बूटवालीला. मागच्या शनिवारी ती गेली तर बापाने दार बोटभर उघडलं, म्हणाला, मुलगी मावशीकडे आहे, आणि लावून घेतलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, मावशी कुठली आलीये, दिवसा आत नळ सुटल्याचा आवाज येतो. आम्ही कशाला मध्ये पडू, असंही म्हणाल्या. "मग मी ठरवलं, घाई करायची नाही," बूटवाली म्हणाली. "सोमवारपासून रोज जाते. दहाला जाते, एकपर्यंत दाराबाहेर पायरीवर बसते. वाजवत नाही. हाक मारत नाही. अगदी तुम्ही केलंत तसं."

मी तिच्याकडे बघितलं. माझा चेहरा काय करत होता ते मला कळत नव्हतं. उजवी बाजू करत असेल ते करत असेल.

"पायरीची केस, ताई," ती म्हणाली. "आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. पुस्तिकेत छापलीये. तुम्ही तीन दिवस बंद दाराबाहेर बसलात. दुसऱ्या दिवशी दार इतकंसं उघडलं आणि आतून हात आला, पाण्याचा पेला ठेवून गेला. तुम्ही पाणी प्यायलात, पेला उपडा घातलात आणि गप्प बसलात. तिसऱ्या दिवशी बाईने दार उघडून मुलीला बाहेर आणलं." ती सगळं बरोबर सांगत होती. पोचे पडलेला पेला, पेला धरणाऱ्या हातातली एकच बांगडी, काहीही तिने गाळलं नाही. "'दार आपण उघडायचं नसतं, दाराला उघडू द्यायचं असतं.' माझ्या टेबलासमोर लावलंय मी हे." मग तिने हात मांडीवर ठेवले आणि खाली बघून म्हणाली, "पण आज पाचवा दिवस झाला, ताई. माझा पेला आला नाही. माझं कुठं चुकतंय?"

हसायची गोष्ट होती. एरवी मी हसले असते, आणि हसता हसता पुढचं रचलंही असतं: काही दारं आठ दिवस घेतात, बाळ, मला एक दार माहीत आहे, त्याने पंधरा दिवस घेतले. तसं दार सुतारकामासकट मी जागच्या जागी तयार करू शकते. पण जीभ तोंडात ओल्या बोळ्यासारखी पडली होती आणि लाळ ओठाच्या कडेने खाली येतेय हे मला बूटवालीने रुमाल पुढे केला तेव्हा कळलं. मी रुमाल घेतला. मी लाज शोधली. जीभ जशी उपटलेल्या दाढेची जागा चाचपते तशी मी आत शोधत होते. खड्डा असणार हे माहीत होतं, पण लागत काहीच नव्हतं.

खरी दुपार अशी होती. चौतीस वर्षांपूर्वीची. दहा वर्षांच्या एका मुलीबद्दल कुणीतरी पत्र पाठवलं होतं, तिला घरात कोंडतात म्हणून. मी पत्ता शोधत गेले. फाटकापाशी माझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला. चप्पल फरफटत मी अंगण ओलांडलं आणि दाराबाहेर एक पायरी होती तिच्यावर बसले. बसले ती पिन लावायला. संयम, विश्वास, नातं, हे शब्द त्या पायरीवर कुठेच नव्हते. तिथे होती एक वाकडी पिन आणि माझं बोट, ज्याला ती दोनदा टोचली. आतून आवाज येत होता. पातेल्याच्या बुडाला चमचा लागावा तसा. तीन वेळा, मग थांबून पुन्हा तीन वेळा. कुणीतरी तळाचं खरवडून खात असावं, किंवा नुसतंच वाजवत असावं. मग माझी चप्पल दगडावर आपटली आणि चमचा थांबला. म्हणजे मला आतलं ऐकू येत होतं तसं आतल्यालाही माझं ऐकू येत होतं. मी उठले, दार वाजवायला हात वर केला, आणि त्या हातात चप्पल होती. हातात चप्पल घेऊन कुणाचं दार कसं वाजवायचं? मला माझंच चित्र दिसलं आणि हसू आलं. म्हटलं, उद्या येऊ, चांगली चप्पल घालून येऊ. कागदावर लिहिलं: दार बंद. पुन्हा भेट. दुसऱ्या दिवशी मीटिंग होती, तिसऱ्या दिवशी सुट्टी, चौथ्या दिवशी मला ताप होता की मी तो आणला होता, आता आठवत नाही. पाचव्या दिवशी गेले तर दार सताड उघडं. आत एक रंगारी भिंतीला पांढरं देत होता. म्हणाला, गेले की ते लोक. कुठं? ते मला काय माहीत, बाई, मी भिंतींचा माणूस.

तर दार उघडलं हे खरं. मी वाजवलं नाही हेही खरं. एवढ्या दोन खऱ्या विटांवर मी पुढे बंगला बांधला. तो बांधायचा माझा विचार नव्हता. पहिल्यांदा वर्गात ही केस सांगितली तेव्हा मला सांगायचं होतं की आपण चुकतो, पोरांनो, फार साध्या कारणांनी चुकतो. मी पायरीपर्यंत आले, बसले, चमच्याचा आवाज सांगितला, वर्ग अगदी गप्प झाला, इतका की मला त्या गप्पपणाची गोडी लागली. आणि मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मग पुढं?" या दोन शब्दांनी आमच्या धंद्याची जेवढी वाट लावली तेवढी कुणीच लावली नसेल. घरात भाऊही असाच, जेवताना घास हातात धरून, "मग पुढं?" मी म्हटलं, "तिसऱ्या दिवशी दार उघडलं." वर्गाने श्वास सोडला. तो श्वास मला अजून आठवतो, कुणी कानावर ऊन फुंकर घालावी तसा. पुढच्या वर्षी पेला आला. आधी तो काचेचा होता, मग पितळेचा केला, मग जुना वाटावा म्हणून त्याला पोचे पाडले. बांगडी फार नंतरची. निरोप समारंभात सुचली. चमचा मात्र मी काढून टाकला. तो गोष्टीत बसेना. आणि हळूहळू असं झालं की मलाही तहान आठवू लागली, पाणी घशाखाली जाताना गार लागलं ते आठवू लागलं. आता या समोरच्या खोलीत बसून मी शपथेवर सांगते, ते पाणी मला आठवतं. मुलगी आठवत नाही. मी तिला पाहिलंच नव्हतं.

पडदा सरकवून वहिनी आली. बूटवालीला चहा, मला कोमट दूध. पडद्यामागे ती सगळं ऐकते. ते गुपित नाही, तिचा पदर दिसतो. कप ठेवता ठेवता ती म्हणाली, "ही तीच ना गोष्ट, वन्सं? तुमची चप्पल तुटली होती ती?"

"कुठली चप्पल?" बूटवालीने विचारलं.

"अगं, एका पायात चप्पल, एक हातात, अशा आल्या होत्या घरी. तळपाय हा असा भाजलेला. मी म्हटलं, कुणाला हाणून आलात की काय! पाय बुडवायला मीच पाणी दिलं पितळी घंगाळात." ती माझ्याकडे बघून थांबली. "पेला-बिला नंतर आला. पेले नंतरच येतात त्यांच्या गोष्टीत. तू चहा घे, गार होईल." आणि पडद्यामागे गेली.

बूटवाली माझ्याकडे बघत राहिली. तिच्या कपाचा कान मोडलेला होता आणि तिने तो दोन्ही हातांनी धरला होता. मला एकच वाक्य पुरेसं होतं: वहिनीचं वय झालंय. त्या एका वाक्याने पुस्तिका, पाटी, टेबलासमोरचा कागद, सगळं जागच्या जागी राहिलं असतं, आणि एवढं वाक्य तर मी अर्ध्या तोंडानेही बोलले असते. मी ते बोलायला तोंड उघडलंही. पण तेवढ्यात बूटवाली, माझा अपमान झाला असं वाटून असेल, विषय बदलत म्हणाली, "बाकी आज एक वेगळं होतं. रोज साडेअकराच्या सुमाराला आत नळ सुटतो. बादलीत पाणी पडल्याचा आवाज येतो. आज नाही आला. तीन तास बसले, काहीच आवाज नाही." तिने चहाचा घोट घेतला. "म्हणजे ती आता माझ्या असण्याला सरावली असेल, नाही का? आत शांत झाली असेल."

नेहमीसारखी मी बोलत असते तर हे वाक्य बोललंच गेलं नसतं. साडेतीनच्या तासात पावणेचारला माझी गोष्ट सुरू होते, आणि चारला पोरं आपली केस विसरलेली असतात. मी तोंड मिटलं. वही ओढली आणि लिहिलं. बोलण्यात मी काहीही करते, लिहिण्यात मात्र मी सरकारी आहे. अडतीस वर्षं कागदावर कमीत कमी शब्दांत लिहायची सवय. लिहिलं: पेला नव्हता. दार वाजवलं नाही. चप्पल तुटली म्हणून बसले होते. दहा मिनिटं.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. "मग ती मुलगी?"

मी लिहिलं: माहीत नाही.

ती रागावेल असं मला वाटलं होतं. निदान रडेल, डबा हाताशी होता. ती फक्त म्हणाली, "पण ताई, ते छापलंय." जणू छापणाऱ्याकडे जाऊन विचारलं तर तिथे पेला सापडेल. मग ती स्वतःशीच म्हणाली, "पाच दिवस." आणि मोज्याच्या भोकातला अंगठा आता तिने लपवला नव्हता.

अर्ध्या तोंडाने नीट येईल असा एकच शब्द मला सुचला. "चल."

दारात वहिनीने माझ्यापुढे चपला ठेवल्या. नवीन, पट्ट्याच्या. "या तुटायच्या नाहीत," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा असतो तसा तो होता, पण मी पायात सरकवीपर्यंत ती वाकून पट्टा धरून राहिली.

बस लवकर मिळाली. बूटवालीने उभ्या उभ्याच केंद्राला फोन केला, आम्ही दार वाजवायला जातोय, कुणीतरी पाठवा, डॉक्टरही लागेल कदाचित, असं सांगितलं; पलीकडून बहुतेक विचारलं असावं की पाच दिवस काय करत होतीस, कारण ती म्हणाली, "पायरीवर बसले होते." मी खिडकीशी होते. काचेत एक म्हातारी दिसत होती, जिची डावी बाजू खाली ओघळली होती, जशी मेणबत्ती एका बाजूने जळते. मला वाटत होतं, आता घाबरायला हवं. घाबरायच्या ऐवजी मी दुकानांच्या पाट्या वाचत होते. किल्ल्या करून मिळतील. जुने आरसे विकत घेतो. डोळे तपासा. अशा वेळी मन काहीतरी मोठं करत असेल असं लोकांना वाटतं. माझं पाट्या वाचत होतं.

इमारत चार मजली, दार दुसऱ्या मजल्यावर. शेजारच्या दाराला कुलूप. बूटवाली म्हणाली, काकू सकाळी दहापर्यंत एका घरी स्वयंपाकाला असतात आणि एकला कारखान्यात जातात, दुसऱ्या पाळीत. दाराबाहेर वर जाणाऱ्या जिन्याची पहिली पायरी, आणि तिच्यावर घडी घातलेलं वर्तमानपत्र. तिचं बसकण. पाच दिवसांत त्याच्यावर तिच्या बसण्याचा आकार आला होता. दाराच्या खाली दोन बोटं फट होती, आणि पायरी त्या फटीच्या अगदी समोर. ते मी बघितलं; बघितलं तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. मी तळहाताने दार वाजवलं. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. काही नाही. बूटवाली पुढे झाली. "बाळ, आम्ही शाळेकडून आलोय. घाबरू नकोस. दार उघड." काही नाही. मी कान लावला, उजवा. आत कुणीतरी होतं. श्वास ऐकू येत होता असं सांगितलं तर ते गोष्टीतलं होईल. फरशीवरून काहीतरी सरकलं, एवढं मात्र खरं ऐकलं. मी तशीच कान लावून म्हटलं, जमेल तेवढं सावकाश, "बाळा, मी आजी आहे. माझा दात काढलाय. मला बोलता येत नाहीये. दार उघडतेस?"

बराच वेळ गेला. मग खालून, दाराच्या अगदी खालून, म्हणजे ती आत जमिनीवर आडवी झाली असणार, बारीक आवाज आला.

"ती बूटवाली गेली का?"

मला वाटलं मीच ऐकण्यात चुकले. हे नाव माझ्या वहीत होतं, आणखी कुठे नव्हतं. मग मला ती फट दिसली. मी बूटवालीकडे बघितलं. तिनेही ऐकलं होतं. ती तिथेच खाली वाकली आणि नाड्या सोडू लागली. उजव्या बुटाची गाठ सुटेना, तर तिने तो तसाच ओढून काढला.

"बाबा म्हणाले, तुला न्यायला माणसं येऊन बसतील," आतला आवाज म्हणाला. "आवाज केलास की नेतील. मला काकूंकडे जायचं होतं. पण काकू सकाळीच असतात. आणि सकाळी बूट असतात."

दहा ते एक काकू घरी. दहा ते एक बूट. मी हिशेब केला नाही, तो आपोआप झाला. दाराला बाहेर कुलूप नव्हतंच. आतून वळवायची साधी कळ होती, नऊ वर्षांच्या मुलीला सहज वळवता येईल अशी. बूटवाली मोज्यांवर, भिंतीला पाठ लावून, बूट दोन्ही हातांत पाठीमागे धरून उभी होती. चौतीस वर्षांपूर्वी माझ्याही हातात असंच पायातलं होतं. अशा वेळी आमच्या शिक्षणात सांगतात, मुलाशी कधी खोटं बोलू नका, एकदा विश्वास गेला की गेला. मीच सांगत आले आहे.

"गेली," मी म्हटलं. "मी हाकलली तिला."

कळ फिरली.

ती दिसायला माझ्या कल्पनेपेक्षा लहान होती. बापाचा शर्ट अंगात, घोट्यापर्यंत आलेला. डोळे तापाने चकाकत होते. उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत टॉवेल गुंडाळलेला, आणि टॉवेलचा वास दारातच आला. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे, मग पलीकडच्या मोज्यांकडे, आणि मोज्यातून बाहेर आलेल्या अंगठ्याकडे ती जरा जास्त वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पाणी आहे का? आज मला बादली उचलून नळाखाली ठेवता आली नाही." बूटवालीच्या पिशवीत बाटली होती. रोज पायरीवर बसताना ती स्वतःसाठी न्यायची. तिने झाकण काढून दिली, आणि मुलगी डाव्या हाताने, उभ्यानेच, सगळी संपेपर्यंत प्यायली. पाणी शर्टावर सांडत होतं.

दवाखान्यात केंद्राची मोठी बाई आली, कागद आले, बापाला कामावरून बोलावलं. तो आला तेव्हा हातात अजून पाना होता. भिंतीशी उकिडवा बसून तो एकच सांगत होता, "नेतील म्हणून, बाई, नेतील म्हणून नाही दाखवलं. आई गेली, आता हीपण नेली असती." त्याच्यावर ओरडायला कुणालाही जमलं नाही. तरुण डॉक्टरणीने टॉवेल भिजवून भिजवून सोडवला. मी बघितलं. त्याचं वर्णन मी करू शकते, आणि करणार नाही. "कधी भाजलं?" तिने विचारलं. "रविवारी," मुलगी म्हणाली. "भात काढताना." डॉक्टरीण आमच्याकडे वळली. तिला आम्ही कोण ते माहीत नव्हतं. नातेवाईक समजली असेल. "सोमवारी का नाही आणलंत?" ती म्हणाली. "सोमवारी, मंगळवारीसुद्धा आणलं असतं तर वेगळं होतं."

बूटवाली कोपऱ्यात उभी होती. बूट तिने अजून घातले नव्हते; नाड्यांनी एकमेकांना बांधून ते तिने खांद्यावर टाकले होते आणि दवाखान्याच्या गार फरशीवर तशीच मोज्यांवर होती. ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता म्हणेल ते म्हणेल. मी ऐकायला तयार होते. ती म्हणाली, "ताई, अहवालात पायरी कशी लिहू?" मी वही मागितली. तिने तिची दिली. मी लिहिलं: सोमवार ते शुक्रवार, दार वाजवले नाही. आणि खाली, कारण या रकान्यात, माझं पूर्ण नाव लिहिलं. माझ्या वहीत मी कधी कुणाचं लिहिलं नव्हतं. तिने ते वाचलं, पान फाडलं नाही, वही मिटली.

पडद्यापलीकडे डॉक्टरणीने मुलीला डोळे मिटायला सांगितले होते. पडदा अर्धाच ओढलेला होता. एका बारीक काडीने ती मुलीच्या बोटांना एकेक करून स्पर्श करत होती. साडेपाच वाजले होते, आणि माझ्या डाव्या गालात, फार आत, मुंगी चालल्यासारखं काहीतरी सुरू झालं.

"कळतंय?" डॉक्टरणीने विचारलं.

"हो."

"हे?"

"हो."

"आणि हे?"

मुलगी थांबली. डोळे तिने इमानदारीने घट्ट मिटलेले होते. उत्तर चुकू नये म्हणून शाळेत थांबतात तशी ती थांबली होती.

"तुम्ही लावलंय का?" तिने विचारलं.

काडी बोटावर टेकलेली मला दिसत होती. शेजारच्या बोटावर टेकली तेव्हाही मुलगी तशीच वाट बघत राहिली.